चिंगीला दिलेल्या चार गोळ्या: नॅप्रोक्सेनचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या दवाखान्यातलं आहे. कुटुंबाची परवानगी घेऊन लिहितो आहे. नावं बदलली आहेत, तारखा काढून टाकल्या आहेत. वार मात्र खरे ठेवले आहेत, कारण या सगळ्या प्रकरणात कुठल्या वारी काय घडलं यालाच महत्त्व आहे. पाळीव प्राण्यांवर उपचार करणाऱ्यांना आणि घरात कुत्रं-मांजर असलेल्यांना, दोघांनाही याचा उपयोग व्हावा एवढी इच्छा.

पार्श्वभूमी

चिंगी आठ वर्षांची लॅब्राडॉर कुत्री. नसबंदी झालेली, वजन २७ किलो, लसीकरण वेळेवर, आधीचा कसलाही मोठा आजार नाही. कोथरूडमधलं घर, घरात आबा, त्यांचा मुलगा, सून आणि शाळकरी नातू. आबा बँकेतून निवृत्त झालेले. चिंगीला फिरवणं, खाऊ घालणं, पाय पुसणं हे सगळं त्यांच्याकडे. रोज संध्याकाळी दोघं वेताळ टेकडीवर जातात.

जुलैतल्या एका गुरुवारी टेकडी उतरताना चिंगी निसरड्या मुरमावरून घसरली. घरी येईपर्यंत मागचा उजवा पाय टेकवेना. रात्र झाली होती, बाहेर पाऊस होता. आबांनी औषधांचा डबा काढला. डबा म्हणजे बिस्किटांचा जुना चौकोनी पत्र्याचा डबा, जो पुण्यातल्या निम्म्या घरांत असतो. त्यात सुनेची अर्धशिशीची गोळी होती: नॅप्रोक्सेन २५० मिलिग्रॅम. दुखण्यावरची गोळी, डॉक्टरांनीच लिहून दिलेली, घरात नेहमी घेतली जाणारी. तुपाच्या पोळीच्या तुकड्यात घालून त्यांनी ती चिंगीला दिली. शुक्रवारी सकाळी दुसरी, रात्री तिसरी, शनिवारी सकाळी चौथी.

आणि गोळीनं काम केलं. शनिवारी दुपारी चिंगी पाय टेकवून चालत होती. बरं वाटलं म्हणून आबांनी गोळी बंद केली. घरात कुणाला सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलं नाही, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं नसतं. हे मुद्दाम लिहितो, कारण असं प्रकरण ऐकलं की लोक आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दोष देतात. आबांनी निष्काळजीपणा केला नव्हता. माणसाला जे औषध जसं लागू पडतं, ते कुत्र्यालाही तसंच लागू पडेल हा त्यांचा अंदाज होता. दुखणं थांबण्यापुरता तो बरोबरही निघाला. चुकला तो पुढचा भाग: औषध शरीरातून बाहेर कधी आणि कसं जातं.

सोमवारची भेट

सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमारास मुलगा आणि सून चिंगीला घेऊन आले. आबा घरीच होते. पाय पुन्हा थोडा दुखत होता. गुडघ्याला किंचित सूज, दाबल्यावर कळ. बाकी चिंगी उत्साही. टेबलावरून माझ्या खिशातला खाऊ शोधत होती. गुडघ्याचा अस्थिबंध थोडा फाटला असावा असा माझा अंदाज होता, आणि तो पुढे बरोबर निघाला.

मी विचारलं, "काही औषध चालू आहे का?"

दोघंही म्हणाले, "नाही."

ते खरंच बोलत होते. जे त्यांना ठाऊक नव्हतं ते सांगणार कसं? आणि प्रश्नातला शब्दही बघा: 'चालू'. आबा समोर असते तरी कदाचित नाहीच म्हणाले असते, कारण गोळी शनिवारीच बंद झाली होती.

मी दुखणं आणि दाह कमी करणाऱ्या मेलॉक्सिकॅमचं इंजेक्शन दिलं, किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, आणि मंगळवारपासून रोज निम्म्या मात्रेत त्याचंच सिरप लिहून दिलं. कुत्र्यांसाठी हे नेहमीचं, अभ्यासलेलं औषध आहे आणि डोसही नेहमीचाच. रक्ततपासणी केली नाही. आठ वर्षांची कुत्री, टवटवीत, पायाचं दुखणं. गरज वाटली नाही.

या प्रकरणातला हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो माझ्याकडून चुकला. औषध चुकीचं नव्हतं, पण ते देण्याआधी जे समजून घ्यायला हवं होतं ते मी घेतलं नाही.

मंगळवार आणि बुधवार

मंगळवारी दुपारी चिंगीला एकदा उलटी झाली. सुनेनं फोन केला. मी सांगितलं, सिरप अजिबात देऊ नका, पाणी थोडं थोडं द्या, पुन्हा उलटी झाली तर लगेच घेऊन या. जुळून आलेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक. मेलॉक्सिकॅमचा दुसरा डोस पोटात गेला नाही.

रात्री तिनं जेवण टाकलं. लॅब्राडॉरनं जेवण टाकणं हे कुठल्याही तपासणीच्या रिपोर्टइतकं बोलकं लक्षण आहे. बुधवारी पहाटे पुन्हा उलटी, या वेळी तपकिरी, कॉफीच्या चोथ्यासारखी. आणि त्यानंतर डांबरासारखी काळी, चिकट शी. सकाळी नऊला ती माझ्या टेबलावर होती. हिरड्या फिकट, पोट ताठ धरलेलं, हृदयाचे ठोके मिनिटाला १४०. पोटाच्या पुढच्या भागावर हात ठेवला की मान वळवून माझ्याकडे बघायची. चावली नाही, गुरगुरली नाही, नुसती बघायची.

काळी शी म्हणजे जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला झालेला रक्तस्राव. मेलॉक्सिकॅमच्या एका डोसानंतर दीड दिवसात, निरोगी कुत्रीत, एवढा? पटेना. मी पुन्हा विचारलं, आणि या वेळी वेगळं विचारलं. "घरातल्या औषधांच्या डब्याचा फोटो मागवता का?"

नातवानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. सून फोटो मोठा करून बघत होती. नॅप्रोक्सेनच्या पट्टीवर तिचं बोट थांबलं. "यातल्या चार कमी आहेत. मी या महिन्यात एकही घेतलेली नाही." तिनं घरी फोन लावला, स्पीकरवर टाकला.

आबा म्हणाले, "मी दिल्या ना. पण त्या तर शनिवारीच बंद केल्या!"

कुत्र्याच्या शरीरात नॅप्रोक्सेनचं काय होतं

'शनिवारीच बंद केल्या' हे वाक्य माणसाच्या शरीराच्या हिशेबानं अगदी बरोबर आहे. माणसात नॅप्रोक्सेनचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, १२ ते १७ तास असतो. यकृत त्यात थोडे फेरफार करतं, त्याला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडतं आणि जवळपास सगळं, सुमारे ९५ टक्के, लघवीवाटे निघून जातं. शनिवारी सकाळी शेवटची गोळी घेतलेल्या माणसाच्या शरीरात सोमवारी संध्याकाळी औषध नावापुरतं उरतं.

कुत्र्याचं तसं नाही. कुत्र्यात हेच औषध मोठ्या प्रमाणात पित्तातून आतड्यात उतरतं. तिथं त्याला जोडलेला भाग सुटतो, औषध पुन्हा मोकळं होतं, आतड्यातून पुन्हा रक्तात शोषलं जातं, पुन्हा यकृतात जातं, पुन्हा पित्तात येतं. हा फेरा चालूच राहतो. त्यामुळे कुत्र्यातलं अर्धायुष्य वेगवेगळ्या अभ्यासांत ३५ तासांपासून ७४ तासांपर्यंत मोजलं गेलं आहे. तीन दिवसांनीसुद्धा निम्मं औषध शरीरात असू शकतं. शिवाय प्रत्येक फेऱ्यात ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या नाजूक भागावरून नव्यानं जातं. जठर आणि आतड्याच्या अस्तराला जपणारी जी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं असतात, त्यांची निर्मिती हे औषध रोखतं. म्हणजे ढालही काढून घेतली आणि माराही तिथंच.

दुपारी आबा दवाखान्यात आले. रडवेले झाले होते. त्यांना धीर द्यायला शब्द सुचेनात, म्हणून मी कागद घेतला आणि त्यांना समजेल अशा भाषेत हिशेब मांडला. चार गोळ्या, म्हणजे खात्यात चार वेळा २५० जमा. खातं माणसाचं असेल तर सोमवारी संध्याकाळी सातला शिल्लक जेमतेम २९, म्हणजे एका गोळीचा आठवा-नववा हिस्सा. कुत्र्याचं असेल आणि अर्धायुष्य ७४ तासांचं धरलं, तर शिल्लक ४९५, जवळजवळ दोन अख्ख्या गोळ्या. ३५ तासांचं धरलं तरी २३०. हा कागदावरचा हिशेब आहे, चिंगीच्या रक्तातली पातळी कुणी मोजलेली नाही. पण एवढी शिल्लक असताना मी त्यावर त्याच जातीच्या मेलॉक्सिकॅमचा नवा भरणा केला होता, आणि मेलॉक्सिकॅमचं कुत्र्यातलं अर्धायुष्यही एक दिवसाच्या आसपास असतं.

आबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "म्हणजे जुनी बाकी राहिली होती," एवढंच म्हणाले.

मात्राही बघायला हवी. एक गोळी म्हणजे चिंगीला किलोमागे ९ मिलिग्रॅमच्या वर. कुत्र्यात किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपासच्या डोसांनंतरही व्रण आणि रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. तिला दोन दिवसांत किलोमागे ३७ मिलिग्रॅम मिळालं होतं.

इथं थोडं विषयांतर करतो, कारण "कुत्र्याचं शरीर नाजूक असतं" असा अर्थ यातून काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. घोड्यात नॅप्रोक्सेन चार-सहा तासांत निम्म्यावर येतं, माणसापेक्षाही लवकर. फिनाइलब्युटाझोन हे याच जातीचं दुसरं औषध घ्या: घोड्यात पाच-सहा तास, गायीत दीड-दोन दिवस, माणसात तीन दिवसांच्या आसपास. घोडा आणि गाय दोन्ही मोठी, दोन्ही गवत खाणारी, तरी एवढा फरक. ॲस्पिरिनमधलं सॅलिसिलेट गायीत अर्ध्या तासात निम्मं होतं, कुत्र्यात आठ-नऊ तासांत आणि मांजरात दीड दिवसात. मांजरात ग्लुक्युरोनिक आम्ल जोडणाऱ्या विकरांपैकी (एन्झाइमांपैकी) एका महत्त्वाच्या विकराचं जनुक उत्क्रांतीत निकामी झालेलं आहे. त्यामुळे पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते. याच जातीच्या कार्प्रोफेनचं अर्धायुष्य कुत्र्यात आठ तासांचं, मांजरात वीस तासांचं.

आणि गिधाडं. दुखण्यावर डायक्लोफेनॅक दिलेल्या गायी-म्हशी मेल्या की त्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडायची, युरिक आम्लाचे पांढरे खडे अवयवांवर साचायचे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात ९५ टक्क्यांहून जास्त घटली. कारण २००४ मध्ये स्पष्ट झालं, २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. ॲसिक्लोफेनॅक गायीच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकमध्येच बदलतं. त्यावर आणि किटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ साल उजाडलं. गिधाडांना सुरक्षित म्हणून जे औषध पुढे आलं ते मेलॉक्सिकॅम, तेच जे मी चिंगीला दिलं. औषध कुठल्या प्राण्याच्या पोटात जातं, आणि त्या पोटात आधी काय आहे, यावर सगळं ठरतं. वजनाच्या हिशेबानं गोळीचा तुकडा पाडून हा प्रश्न सुटत नाही.

बुधवारी समोर असलेले पर्याय

पहिला प्रश्न घरी पाठवायचं की ठेवून घ्यायचं. मुलानं विचारलं, "आता तर चार दिवस झाले. जे व्हायचं ते होऊन गेलं ना?" माणसाचं औषध माणसाच्या शरीरात असतं, तर मी हो म्हणालो असतो. पण हिशेबानं बुधवारी सकाळीसुद्धा नॅप्रोक्सेनची शिल्लक सव्वा ते दीड गोळीइतकी असू शकत होती. अजून किमान तीन-चार दिवस इजा होत राहणार होती. ठेवून घेतलं.

उलटी करवून उपयोग नव्हता. शेवटची गोळी चार दिवसांपूर्वीची.

सक्रिय कोळसा द्यावा का, यावर मी बराच वेळ घालवला. सहसा इतक्या उशिरा कोळसा देत नाहीत. पण हे औषध आतड्यात पुन्हा पुन्हा येत असतं, त्यामुळे तिथं त्याला पकडण्याची संधी उशिरासुद्धा असते. दुसऱ्या बाजूला चिंगीला उलट्या होत होत्या. कोळसा श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया. जठरात व्रण असण्याची दाट शक्यता. तो फुटलेला असेल तर कोळसा पोटाच्या पोकळीत. आणि कोळशानं शी काळी होते. रक्तस्राव थांबला की चालू आहे हे ओळखण्याची एकमेव सोपी खूण हातातून जाते. पहिल्या दिवशी नाही, असं ठरवलं.

शिरेतून स्निग्ध द्रावण देऊन रक्तातलं औषध त्यात ओढून घेण्याचा एक उपाय आहे. नॅप्रोक्सेनच्या कुत्र्यांत तो केल्याच्या नोंदी आहेत. पण तो विषबाधेनंतर लवकर करण्याचा उपाय आहे आणि स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. सोडला. रक्तातला प्लाझ्मा बदलण्याची सोय माझ्या आवाक्यात नव्हती.

मुलाचा आणखी एक प्रश्न होता, जो प्रत्येक घर विचारतं: "सलाइन लावलं की औषध धुऊन निघेल ना?" नाही निघत. नॅप्रोक्सेन ९९ टक्के रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं. मूत्रपिंडाच्या गाळणीतून ते पुरेसं खाली उतरतच नाही. सलाइन मूत्रपिंडाला जपण्यासाठी असतं. मूत्रपिंडातला रक्तपुरवठा टिकवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनांनाही हे औषध रोखतं, आणि उलट्यांनी शरीर कोरडं पडलं की तो पुरवठा आणखी घटतो.

काय केलं

सलाइन लावण्याआधी लघवी आणि रक्त घेतलं. लघवी पातळ होती, विशिष्ट गुरुत्व १.०१४. शरीर कोरडं असताना निरोगी मूत्रपिंड लघवी दाट करतं; इथं ते होत नव्हतं. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन १.६, युरिया त्याच्या मानानं बराच जास्त. आतड्यात पचणाऱ्या रक्तानंही तो वाढतो. रक्तपेशींचं प्रमाण, म्हणजे पीसीव्ही, ३१ टक्के. सोनोग्राफीत जठराच्या खालच्या टोकाची भिंत जाड झालेली, पोटात मोकळं पाणी नाही. व्रण आरपार गेलेला नव्हता.

रिंगर लॅक्टेटचं सलाइन, आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल शिरेतून दिवसातून दोनदा, उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन. उलट्या थांबल्यावर व्रणावर थर धरणाऱ्या सुक्राल्फेटची गोळी पाण्यात विरघळवून दर आठ तासांनी. मिझोप्रोस्टॉल हे रोखल्या गेलेल्या प्रोस्टाग्लँडिनाची जागा घेणारं औषध, म्हणून इथं तर्काला धरून आहे. पण ते गर्भपात घडवू शकतं, मेडिकलच्या दुकानांत सहज मिळत नाही, आणि माझ्या दवाखान्यातली मदतनीस तेव्हा गरोदर होती. तिला सुट्टी देऊन मी स्वतःच्या हातानं दिलं. औषध मिळवण्यात अर्धा दिवस गेला.

गुरुवारी सोनोग्राफी पुन्हा केली. मोकळं पाणी नव्हतं, उलट्या थांबल्या होत्या. मग कोळशाऐवजी कोलेस्टिरामिनची भुकटी थोड्या प्रमाणात सुरू केली, बाकीच्या तोंडी औषधांपासून काही तासांचं अंतर ठेवून. आतड्यात पित्ताबरोबर येणाऱ्या द्रव्यांना ते पकडून ठेवतं आणि शीचा रंग बदलत नाही. त्यानं किती फरक पडला हे एका कुत्रीवरून सांगता येणार नाही. पण बुधवारीच संध्याकाळी, उलट्या आटोक्यात आल्याबरोबर, सुरू करायला हवं होतं असं आता वाटतं.

रक्त द्यायचं की थांबायचं

गुरुवारी सकाळी पीसीव्ही २३. संध्याकाळी २१. शी अजून काळी. ठोके १३० ते १४०. चिंगी थकलेली, पण आबा आले की शेपूट हलायची, मान उचलायची. मी थांबायचं ठरवलं. सलाइननं रक्त थोडं पातळ होतंच, आणि दुसऱ्याचं रक्त देण्याचे स्वतःचे धोके असतात. रक्तदाता शोधून ठेवा, एवढं कुटुंबाला सांगितलं.

कुत्र्यांच्या मालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप गेला. तासाभरात सिंहगड रोडवरून एक जर्मन शेफर्ड तयार झाला, ३४ किलोचा, लस आणि तपासण्या पूर्ण असलेला. त्याचे मालक म्हणाले, रात्रीसुद्धा येतो. मी म्हटलं, सकाळी बघू.

शुक्रवारी सकाळी पीसीव्ही १८, ठोके १६०, श्वास वेगात. हिरड्या भिंतीच्या चुन्यासारख्या. आता विचार करायला जागाच नव्हती. दोघांचं रक्त जुळवून बघितलं, दाता एका कुशीवर वीस मिनिटं शांत पडून राहिला, ४५० मिलिलिटर रक्त घेतलं. चिंगीला पहिला अर्धा तास अगदी थेंब-थेंब दिलं, ताप आणि ठोके बघत. मग चार तासांत संपवलं. संध्याकाळी पीसीव्ही २६. रात्री ती उठून बसली आणि पाण्याच्या भांड्याकडे गेली.

माझ्या मते गुरुवारी संध्याकाळीच रक्त द्यायला हवं होतं. आकडा २१ हा एरवी थांबण्याचा आकडा असू शकतो. पण रक्तस्राव करणारं कारण शरीरात अजून हजर आहे हे माहीत असताना, आकडा कुठं आहे यापेक्षा तो कुठं चाललाय ते बघायचं असतं. बारा तासांत रात्र होती, आणि त्या रात्री चिंगी कोसळली असती तर दाता सिंहगड रोडवर होता.

पुढे काय झालं

शनिवारी शी काळीच होती पण कमी. रविवारी तपकिरी. क्रिएटिनिन गुरुवारी २.३ वर गेलं होतं, रविवारी १.९ वर आलं. सोमवारी, म्हणजे माझ्या इंजेक्शनला आठवडा आणि पहिल्या गोळीला अकरा दिवस होताना, ती घरी गेली. आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल चार आठवडे, सुक्राल्फेट दोन आठवडे, दिवसातून चार वेळा थोडं थोडं मऊ अन्न. आबांनी भाताची पेज आणि उकडलेली कोंबडी यांचं वेळापत्रक वहीत आखून आणलं होतं. वेळ, वजन, शीचा रंग, सगळे रकाने.

दहा दिवसांनी क्रिएटिनिन १.४. तीन आठवड्यांनी पीसीव्ही ३५. पायासाठी दाह कमी करणारं कुठलंच औषध पुन्हा दिलं नाही. आधी सहा आठवडे थांबायचं ठरवलं होतं; नंतर लघवीचा रिपोर्ट बघून तो विचारच सोडला. गॅबापेन्टिन (वेगळ्या जातीचं दुखण्यावरचं औषध) कमी मात्रेत, आठ आठवडे टेकडी बंद, सोसायटीच्या आवारात पट्ट्यानं हळूहळू चालणं, आणि वजन २७ वरून २५ किलोवर. पाय त्यानं बराच सुधारला.

आता मी वेगळं काय करतो

'काही औषध चालू आहे का?' हा प्रश्न मी विचारणं सोडलं आहे. आता असं विचारतो: "गेल्या दोन आठवड्यांत घरातल्या डब्यातली कुठलीही गोळी, सिरप, मलम, एकदा तरी दिलं का? आणि तिला खायला कोण घालतं?" जो खायला घालतो तो समोर नसेल तर त्याला तिथूनच फोन करायला लावतो. याला एक मिनिट लागतं. दोन आठवडे का, तर नॅप्रोक्सेनचं अर्धायुष्य ७४ तास धरलं तर नऊ दिवसांनीही आठवा हिस्सा उरतो, आणि लोकांच्या आठवणीत दोन-तीन दिवस इकडंतिकडं होतातच.

उत्तर 'हो' आलं आणि गोळीचं नाव सांगता येत नसेल, तर त्या दिवशी मेलॉक्सिकॅम किंवा त्या जातीचं काहीही देत नाही. पायाला बर्फ, विश्रांती, गॅबापेन्टिन. थोडं दुखणं राहतं. कुत्रं रात्रभर कुरकुरतं, मालक नाराज होतात. ते चालतं.

सात वर्षांवरच्या कुत्र्याला ही औषधं सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीचं विशिष्ट गुरुत्व बघतो. सोमवारी मी हे केलं असतं तर आकडे बिघडलेले दिसलेच असते असं नाही. पण आधीचा आकडा नसल्यामुळे आज एक प्रश्न अनुत्तरित आहे: चिंगीच्या लघवीचं विशिष्ट गुरुत्व सध्या १.०२४ पर्यंत येऊन थांबलं आहे. हे त्या आठवड्यानं मागे ठेवलेलं नुकसान की आधीपासूनचं, हे मला ठरवता येत नाही. दर तीन महिन्यांनी तपासतो आहोत. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. आबांनी वहीत तारीख आधीच लिहून ठेवली आहे.